सुईने नव्हे, उशिराने पसरतो

सोमवारची ओपीडी होती. पन्नाशीच्या आसपासची एक बाई जावेच्या खांद्याला धरून आत आली. कंबर दुखते, रात्री झोप लागत नाही, खाली बसले की उठवत नाही, असे सांगत होती. सोयाबीनच्या काढणीपासून दुखणे सुरू झाले म्हणून घरच्यांनी ते कामाचे दुखणे धरले होते. तेल लावून झाले, मलम झाले, दोन-तीन इंजेक्शनेही झाली. तपासताना डाव्या स्तनातली लिंबाएवढी गाठ हाताला लागली. वरची कातडी आत ओढली गेली होती.

‘ही कधीपासून आहे?’ मी विचारले. ती गप्प बसली. जावेने सांगितले, ‘आठ-नऊ महिने झाले मॅडम. तेव्हा हरभऱ्याएवढी होती. एका दवाखान्यात सुईची तपासणी करा म्हणाले. पण गाठीला सुई लावली की ती चिडते अन् अंगभर पसरते म्हणतेत. म्हणून घरच्यांनी नाही लावू दिली.’

पुढच्या तपासण्यांत गाठ कॅन्सरची निघाली आणि तो मणक्यापर्यंत पोहोचलेला दिसला. सुई न लावताच तो पसरला होता.

सेनगाव, औंढा, कळमनुरी, वसमत, हिंगोली असे कुठल्याही तालुक्यातले रुग्ण असोत, सुईचे हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते कोण म्हणणार याचा अंदाज मला आधीच येतो. म्हणणारी माणसे अडाणी नसतात. त्यांनी गावात कुणाचे तरी तसे झालेले पाहिलेले असते. म्हणून त्यांच्यावर रागावण्यापेक्षा कॅन्सर पसरतो म्हणजे नेमके काय होते, ते आज सविस्तर सांगते. कॅन्सरने जाणारे बहुतेक रुग्ण पहिल्या गाठीने जात नाहीत, ती पसरल्यामुळे जातात. तेव्हा हा प्रश्न समजून घेण्यासारखा आहे.

पेशी जागा कशी सोडते

आपल्या शरीरातल्या पेशी शिस्तीच्या असतात. स्तनातली पेशी स्तनात राहते, जिभेवरची जिभेवर. शेजारच्या पेशींना त्या घट्ट धरून असतात. खाली एक पातळ पडदा असतो, त्याच्या पलीकडे त्या जात नाहीत. जागेवरून सुटलेली निरोगी पेशी सहसा आपोआप मरते.

कॅन्सरच्या पेशींमध्ये जनुकांचे बिघाड साठत जातात आणि ही शिस्त एकेक करून मोडते. आधी शेजाऱ्यांवरची पकड सुटते. मग पेशी एन्झाइम सोडून खालचा पडदा विरघळवते आणि पलीकडे सरकते. या टप्प्यापर्यंत रोग जिथला तिथेच असतो आणि तो काढून टाकला तर बहुतेक वेळा विषय संपतो. पडदा ओलांडला की पुढचे रस्ते उघडतात.

गाठ एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठी व्हायची असेल तर तिला स्वतःचा रक्तपुरवठा लागतो, ही गोष्ट ज्युडा फोकमन या अमेरिकी सर्जनने १९७१ मध्ये मांडली. गाठ काही रसायने सोडते आणि आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना फांद्या फोडायला लावते. शेतात पाणी यावे म्हणून चारी काढावी आणि त्याच चारीतून तणाचे बी पुढच्या शेतात वाहत जावे, तसे इथे होते. जी रक्तवाहिनी गाठीला पोसते, तीच तिच्या पेशींना बाहेर पडायची वाट देते.

या पेशी मुख्यतः दोन वाटांनी जातात. पहिली लसिकावाहिन्यांची. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, ते आपल्याला माहीत आहे. तिथल्या लसिकाग्रंथी म्हणजे शरीराच्या चौक्या. तोंडाचा कॅन्सर आधी मानेतल्या ग्रंथींत जातो, स्तनाचा काखेतल्या ग्रंथींत, तो याच वाटेने. दुसरी वाट रक्ताची. आतड्याचे रक्त आधी यकृतात जाते, म्हणून मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुधा यकृतात पसरतो. याशिवाय बीजांडकोशाचा कॅन्सर पोटाच्या पोकळीत सुटून आतड्यांच्या वरच्या आवरणावर रुजतो आणि तोंडाचा कॅन्सर कधी कधी नसांच्या कडेने पुढे सरकतो.

बी आणि जमीन

रक्तात उतरलेल्या पेशीचा प्रवास सोपा नसतो. रक्ताच्या वेगात ती फाटते, पांढऱ्या पेशी तिच्यावर तुटून पडतात. काही पेशी रक्तातल्या प्लेटलेट अंगाभोवती गोळा करून त्यांच्या आडोशाने वाचतात. आयझाया फिडलर यांनी १९७० च्या सुमारास उंदरांवर प्रयोग केले. खुणा केलेल्या कॅन्सरच्या पेशी शिरेतून सोडल्या, तेव्हा दहा हजारांत जेमतेम एखादी पेशी नवी गाठ धरू शकली.

जी वाचते तीही कुठेही रुजत नाही. लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. यकृतात गाठी पुष्कळ सापडत होत्या, प्लीहेत मात्र क्वचित, जरी प्लीहेलाही रक्त भरपूर मिळते. हाडांमध्येही ठरावीक हाडेच जास्त धरलेली दिसत. पॅजेट यांनी त्याचा अर्थ असा लावला की बी सगळीकडे उडते, पण मानवेल त्या जमिनीतच उगवते. काँग्रेस गवताने बांध आणि पडीक भरलेले पाहणाऱ्या माणसाला हे वेगळे समजवायला नको. आजही हा विचार टिकून आहे, फक्त ‘जमीन’ म्हणजे काय ते आता पेशींच्या पातळीवर कळू लागले आहे. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत रुजतो, फुप्फुसाचा मेंदूत आणि हाडांत, स्तनाचा हाडांत, फुप्फुसात, यकृतात आणि मेंदूत.

इथे एक गैरसमज दूर करते. स्तनाचा कॅन्सर मणक्यात गेला म्हणजे ‘हाडांचा कॅन्सर झाला’ असे होत नाही. हळदीचे बेणे कुठल्याही रानात लावा, हळदच येणार. मणक्यात वाढणाऱ्या त्या पेशी स्तनाच्याच असतात आणि औषधही स्तनाच्या कॅन्सरचेच द्यावे लागते. म्हणूनच पहिली गाठ कसली होती हे कळणे फार महत्त्वाचे असते.

दहा हजारांत एखादीच पेशी रुजत असेल तर मग भीती कसली, असे कुणी विचारेल. एक सेंटिमीटरच्या गाठीत दहा कोटी ते शंभर कोटी पेशी असतात आणि गाठ जितकी मोठी तितक्या जास्त पेशी तिच्यातून रोज सुटतात. लॉटरीचे एक तिकीट सहसा लागत नाही. पण रोज हजारो तिकिटे काढणाऱ्याला महिन्या-महिन्याने लागण्याची शक्यता वाढत जाते. हरभऱ्याची गाठ लिंबाएवढी होईपर्यंत वाट पाहणे म्हणजे कॅन्सरला तिकिटे काढायला वेळ देणे.

मग सुईचे काय?

सुईची तपासणी करताना काही पेशी जागेवरून हलू शकतात, हे मी नाकारणार नाही. पण त्यांनाही वर सांगितलेल्या सगळ्या अडचणींतून जावे लागते आणि त्या संख्येने अगदी थोड्या असतात. स्तनाच्या गाठीची सुईने तपासणी केल्यामुळे रुग्णाचे आयुष्य कमी होत नाही, हे अनेक वर्षांच्या नोंदींतून दिसले आहे. जिथे सुईने खरोखर धोका वाढतो, उदाहरणार्थ वृषणाची गाठ किंवा बीजांडकोशाच्या काही गाठी, तिथे डॉक्टर स्वतःच सुई टाळतात आणि सरळ शस्त्रक्रिया करतात. कुठे सुई लावायची आणि कुठे नाही, हे वैद्यकशास्त्राने ठरवलेले आहे.

मग गावात ही समजूत आली कुठून? माणूस दुखणे सहन होईनासे झाल्यावर येतो. तोपर्यंत रोग पसरलेला असतो. सुई लागते, रिपोर्ट येतो, स्कॅनमध्ये गाठी दिसतात आणि चार-सहा महिन्यांत माणूस जातो. घरच्यांच्या लक्षात क्रम राहतो तो एवढाच की सुई लावली आणि गेला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते.

तपासणी टाळली तर तोटा दुहेरी होतो. मानेतली गाठ कॅन्सरची असू शकते तशी टीबीचीही असू शकते. हाताला दोन्ही सारख्याच लागू शकतात, औषधे मात्र पूर्ण वेगळी. स्तनातल्या कित्येक गाठी साध्या असतात आणि सुईच्या तपासणीने मनावरचे ओझे उतरते. कॅन्सर निघालाच, तर त्याच छोट्या तुकड्यावरून तो हार्मोनच्या गोळ्यांना दाद देईल की नाही, हेही कळते.

याच्या उलट एक चूक मी अनेकदा पाहिली आहे. गाठ कुठेतरी काढून टाकलेली असते, पण ती तपासणीला पाठवलेलीच नसते. ‘काढली, संपला विषय’ असे सांगितलेले असते. वर्षाने त्याच जागी गाठ परत येते तेव्हा पहिली कसली होती हे सांगणारा कागद कुणाकडे नसतो. शरीरातून काढलेली कोणतीही गाठ तपासणीला गेलीच पाहिजे आणि तिचा रिपोर्ट रुग्णाने जपून ठेवला पाहिजे. डॉक्टरांना तसे विचारायला संकोचू नका.

पसरल्यावर उपचार का अवघड होतो

एका जागची गाठ सर्जन काढू शकतो, किरणांनी जाळता येते. पसरलेला रोग अनेक जागी असतो आणि त्यातले काही ठिपके इतके लहान असतात की कोणत्याही स्कॅनवर दिसत नाहीत. म्हणून सगळ्या शरीरात पोहोचणारे औषध, म्हणजे केमोथेरपी, हार्मोनच्या गोळ्या किंवा नव्या प्रकारची औषधे द्यावी लागतात.

तिथेही अडचणी आहेत. गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. फवारणीतून वाचलेल्या किडीची पुढची पिढी त्या औषधाला दाद देत नाही, हे कापूस लावणाऱ्या प्रत्येकाने अनुभवले आहे. केमोथेरपीतही तसेच होते. औषधाने नव्याण्णव टक्के पेशी मेल्या तरी उरलेल्या चिवट पेशींची नवी गाठ तयार होते आणि तिला तेच औषध चालत नाही. मेंदूत बरीच औषधे पुरेशी पोहोचत नाहीत, कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत फार घट्ट असते. शिवाय काही पेशी दूरच्या अवयवात जाऊन वर्षानुवर्षे झोपून राहतात. केमोथेरपी मुख्यतः वाढणाऱ्या पेशींवर चालते, झोपलेल्या पेशी तिला सापडत नाहीत. स्तनाचा काही प्रकारचा कॅन्सर दहा-पंधरा वर्षांनीही परत येतो, तो यामुळे. ‘बरी झाले, आता तपासायला कशाला जायचे?’ या प्रश्नाचे उत्तरही हेच आहे.

मुंबईतून मिळालेली तीन उत्तरे

पसरण्याच्या या प्रश्नावर जगाने वाचलेले काही महत्त्वाचे अभ्यास आपल्याच राज्यात, १९४१ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या पुढाकाराने झाले आहेत.

पहिला अभ्यास तोंडाच्या कॅन्सरचा. तोंडातली गाठ लहान असेल आणि मानेत हाताला काही लागत नसेल, तर मानेतल्या ग्रंथी आधीच काढाव्यात की गाठ दिसल्यावर काढाव्यात, यावर जगभर वाद होता. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट करून हे तपासले आणि ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी जिवंत होते. वाट पाहिलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. हाताला न लागणारा रोग मानेत आधीच पोहोचलेला असतो, हे त्यातून ठसठशीतपणे दिसले. म्हणून तोंडात छोटीशी गाठ असताना सर्जन मानही उघडायची म्हणतात, तेव्हा ते वाढीव काम काढत नसतात.

दुसरा अभ्यास स्तनाच्या कॅन्सरचा, डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखालचा, तोही २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला. ज्यांचा रोग निदानाच्या वेळीच दूरवर पसरलेला होता आणि केमोथेरपीला प्रतिसाद मिळाला होता, अशा ३५० स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाची स्तनातली गाठ काढली आणि तिथले पुढचे उपचार केले, दुसऱ्या गटाची गाठ काढली नाही. दोन्ही गटांच्या आयुर्मानात फरक पडला नाही, साधारण १९ ते २० महिने. नातेवाईक अनेकदा हट्ट धरतात, ‘काही झाले तरी गाठ काढून टाका.’ रोग पसरल्यावर केवळ मूळ गाठ काढून आयुष्य वाढत नाही, हे या अभ्यासाने सांगितले. गाठीला जखम झाली, रक्त येऊ लागले, तर आराम पडावा म्हणून ती काढतात, तो प्रश्न वेगळा.

तिसरा अभ्यास थेट गावातल्या भीतीला भिडणारा आहे. शस्त्रक्रियेच्या धक्क्याने काही पेशी सुटत असतील का, हा प्रश्न डॉक्टरांनाही पडलेला होता. डॉ. बडवे आणि सहकाऱ्यांनी देशातल्या ११ केंद्रांमध्ये सुरुवातीच्या टप्प्यातल्या स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १,६०० स्त्रियांवर हे तपासले. अर्ध्या जणींना शस्त्रक्रियेच्या सात ते दहा मिनिटे आधी गाठीभोवती लिग्नोकेनचे इंजेक्शन दिले. दाताच्या डॉक्टरकडे हिरडी बधिर करायला देतात तेच हे जुने, स्वस्त औषध. पाच वर्षांनी इंजेक्शन दिलेल्या गटात ९०.१ टक्के स्त्रिया जिवंत होत्या, न दिलेल्या गटात ८६.४ टक्के. म्हणजे शंभरात साधारण चार जणी जास्त वाचल्या.

या निष्कर्षांचे दोन अर्थ निघतात. एक, शस्त्रक्रियेच्या क्षणी पेशी पसरण्याची शंका निराधार नव्हती. दोन, त्या शंकेचे उत्तर शस्त्रक्रिया टाळणे हे नाही, ती अधिक सुरक्षित करणे हे आहे. इंजेक्शन न दिलेल्या गटातल्याही शंभरापैकी ८६ जणी पाच वर्षांनी होत्याच, कारण त्या वेळेत आल्या आणि त्यांची शस्त्रक्रिया झाली. गाठ तशीच ठेवून हा आकडा कुठल्याही औषधाने आलेला नाही.

शेजारच्या धाराशिवने काय दाखवले

आता मराठवाड्यातले उदाहरण. धाराशिव जिल्हा उस्मानाबाद होता तेव्हा, १९९९ पासून, तिथल्या गावांमध्ये गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचा एक मोठा अभ्यास झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था त्यात होत्या. गावांचे ५२ गट करून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना सामावून घेतले. काही गटांत एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच केली, काहींत इतर तपासण्या, तर एका गटात नेहमीचीच आरोग्यसेवा राहिली.

आठ वर्षांनंतरचा हिशेब २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीची सेवा मिळालेल्या ३१,४८८ स्त्रियांमध्ये मुखाच्या पलीकडे गेलेल्या कॅन्सरचे ८२ रुग्ण सापडले आणि ६४ मृत्यू झाले. एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या. त्यांच्यात पसरलेले रुग्ण ३९ आणि मृत्यू ३४. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने पसरण्याचे आणि मरणाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. या बायका आपल्यासारख्याच सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यातल्या, एसटीने तालुक्याला जाणाऱ्या होत्या. हा कॅन्सर टाळायला मुलींसाठी आता लसही आहे आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली भारतीय लस बाजारात आली आहे.

हळदीचा प्रश्न

हिंगोलीत राहून हळदीबद्दल न लिहिणे बरे नाही. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि आपल्या बाजारातून ती देशभर जाते. तिच्यातले कर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखते, हे खरे आहे. पण पोटात घेतलेले कर्क्युमिन रक्तात फार थोडे पोहोचते आणि त्याने माणसाचा कॅन्सर बरा झाल्याचा पुरावा नाही. भाजीतली हळद बिनधास्त खा. मात्र तिच्या जोरदार मात्रेच्या कॅप्सूल यकृताला त्रास देऊ शकतात आणि केमोथेरपीच्या आड येऊ शकतात, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. हळदीवर भरवसा ठेवून तपासणी पुढे ढकललेले रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांचे नुकसान हळदीने झाले नाही, गेलेल्या महिन्यांनी झाले.

कधी यायचे

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तीन आठवड्यांत न भरणारी जखम राहिली, तिखट सोसेनासे झाले किंवा उभी धरलेली तीन बोटे तोंडात जाईनाशी झाली, तर दाखवा. तंबाखू-चुना, गुटखा, खर्रा आणि बायकांमधली मशेरी या सगळ्यांना हे लागू आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण तोंडे तपासताना ती बंदी मला दिसत नाही. स्तनात न दुखणारी गाठ असेल तर दुखण्याची वाट पाहू नका, कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. पाळी गेल्यानंतर अंगावरून लाल जाणे, संबंधानंतर रक्त जाणे, शौचातून रक्त पडणे, तीन आठवडे आवाज बसलेला राहणे, मानेत वाढणारी गाठ आणि कारण नसताना उतरणारे वजन, ही बाकीची लक्षणे.

सरकारी दवाखान्यात तोंडाची आणि स्तनाची तपासणी होते. पुढचे उपचार छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कॅन्सर रुग्णालयात मिळतात आणि शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन हे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते. त्यासाठी रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवा. प्रवास लांबचा आहे, मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याचाही दिवस जातो, हे मला ठाऊक आहे. पण लवकर येणाऱ्याच्या फेऱ्या नेहमीच कमी होतात.

पसरल्यानंतरही

रोग पसरला म्हणजे आता काहीच करायचे नाही, हा दुसरा गैरसमज. तरुणांमधला वृषणाचा कॅन्सर पसरल्यावरही औषधांनी बहुतेकदा बरा होतो. मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतात मोजक्याच जागी गेला असेल, तर त्या गाठी काढून काही रुग्ण बरे होतात. हार्मोनला दाद देणारा स्तनाचा आणि प्रोस्टेटचा कॅन्सर गोळ्या-इंजेक्शनांनी वर्षानुवर्षे काबूत राहू शकतो. हाडातल्या वेदनेवर एकाच दिवशी, एकाच वेळी दिलेले रेडिएशनही चांगले काम करते. दुखणे असह्य असेल तर मॉर्फिन आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन लागेल, या भीतीने माणसाला तळमळत ठेवू नये.

त्या सोमवारच्या बाईंच्या गाठीचा तुकडा तपासला, तेव्हा रोग हार्मोनला दाद देणारा निघाला. कंबरेला रेडिएशन झाले, रोजची गोळी सुरू झाली. आता वर्ष होत आले. त्या आपल्या पायांनी ओपीडीत येतात, स्वयंपाक करतात, जड उचलत नाहीत. रोग पूर्ण बरा होणार नाही हे मी त्यांना सांगितले आहे आणि त्यांनी ते ऐकून घेतले आहे. हरभऱ्याएवढी गाठ असताना आल्या असत्या तर मी कदाचित वेगळे काही सांगू शकले असते. हे मी त्यांना बोलून दाखवले नाही, पण त्यांना ते कळलेले आहे.

गेल्या महिन्यात त्या जावेला घेऊन आल्या. या वेळी गाठ जावेला होती, बोराएवढी, आठ दिवसांपूर्वी हाताला लागलेली. जाऊ दाराशीच घुटमळत होती. ‘सुई लावतील का हो?’ तिने मला विचारले. मी उत्तर देण्याआधीच या म्हणाल्या, ‘लावू दे. मी नाही लावली तेव्हा काय झालं, ते तू बघितलंस ना?’

सुईचा रिपोर्ट आला. गाठ साधी होती.